पहिली पात

ऐन उन्हाळ्यात, गव्हाच्या कापणीच्या शेवटच्या दिवशी, सूर्य डोक्यावर येण्याच्या बेतात असताना, घरामागील उतारावरच्या शेतात थोरल्या मुलाने कमरेचा दगड काढला आणि तो विळ्याला धार लावू लागला. धाकट्यानेही तेच केले. त्यांच्या उजव्या हाताला, बांधालगत, त्यांचे वडील वाकून कापत होते.

त्या घरात कापणीचा एक नियम होता. पहिली पात, म्हणजे बांधालगतचा पट्टा, घरच्या कर्त्या माणसाची. बाकीच्यांनी आपापली पात धरून त्याच्या मागे राहायचे. त्याने वेग धरला तर आपणही धरायचा, त्याला ओलांडायचे मात्र नाही. नियम कुणी केला हे कुणाला ठाऊक नव्हते. तो मोडल्याचेही कुणाला आठवत नव्हते. मागच्या वर्षापर्यंत वडिलांना गाठता गाठता मुलांच्या तोंडाला फेस येत असे. यंदा, हिवाळ्यातल्या दुखण्यानंतर, चार मुठी कापल्या की वडील कमरेवर हात ठेवून उभे राहत. आणि ते उभे राहिले की मुलांना दगड आठवे.

“विळे लोण्याचे केलेत का रे?” वडील न वळताच म्हणाले. “सकाळपासून मी एकदा दगड लावला. तुमची आपली सारखी खरखर!”

“लोहार बदललाय, बाबा,” थोरला म्हणाला.

“हो, नाचता येईना, अंगण वाकडं.”

मागे पेंढ्या बांधत येणारी, कापणीपुरती माहेरी आलेली लेक हसली; मग उरलेल्या शेताकडे पाहून तिचे हसू मावळले. उद्या उजाडताच मळणीयंत्र येणार होते. शेत उभेच दिसले, तर यंत्रवाला थांबणार नव्हता. पुढच्या गावाला निघून गेला, की आठवडाभर त्याचे तोंड दिसणार नव्हते. आणि गहू तर इतका वाळला होता, की ओंबीला बोट लागताच दाणे मातीत गळत. वर्षाचे निम्मे धान्य जमिनीनेच खाल्ले असते.

“दादा, असं चाललं तर आज संपायचं नाही,” धाकटा पुटपुटला.

“दिसतंय मला.”

“मग सांग ना त्यांना.”

“तू सांग. लाडका तू.”

धाकट्याने दगडावर थुंकून पुन्हा विळा घासायला घेतला.

दुपारी झाडाखाली जेवणे झाली. विळे बुंध्याशी एकत्र टेकवलेले होते. शेवटचा घास मुलांच्या तोंडात असतानाच वडील नेहमीप्रमाणे सर्वांआधी उठले, हाताला लागला तो विळा घेऊन शेतात उतरले आणि त्यांनी पहिली मूठ धरली. गहू आवाजही न करता त्यांच्या हातात आला.

ते थबकले. विळ्याच्या मुठीला धाकट्याची चिंधी गुंडाळलेली होती. त्यांनी पात्यावर आडवा अंगठा फिरवला. मग ते परत आले, थोरल्याचा विळा उचलून त्याच्यावरही अंगठा फिरवला, आणि सर्वांत शेवटी स्वतःच्या विळ्यावर.

थोरल्याचे चावणे थांबले. धाकटा आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत राहिला. लेकीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच अधांतरी राहिला.

वडील खाली बसले. आपल्या विळ्याला त्यांनी दगड लावला, सावकाश, दोन्ही अंगांनी, एखादी वस्तू दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी पुसून घ्यावी तसा. मग त्यांनी तो लेकीपुढे धरला.

“घे. बांधणीचं मी बघतो.”

“बाबा, अहो, मी सहज बांधतेय की—”

“तुझ्या पेंढ्या सैल असतात. उचलल्या की सुटतात.”

तिने विळा घेतला. तिघे शेतात उतरली. थोरला सवयीने आपल्याच जागी उभा राहिला. त्याच्या उजवीकडे, बांधालगत, एका माणसाच्या रुंदीचा गहू तसाच उभा होता.

“बांधाकडे सरक,” वडील म्हणाले.

तो हलला नाही.

“सरक म्हणतो ना, गाढवा!”

थोरला सरकला. त्याने वाकून पहिली मूठ धरली, आणि सवयीनेच एकदा मागे वळून पाहिले. वडिलांनी तोवर चार काड्यांना पीळ देऊन पेंढीभोवती गाठ मारली होती. ती गुडघ्याने दाबून, वर न बघता, ते म्हणाले,

“तिन्ही विळ्यांना धार आहे. संध्याकाळपर्यंत दगडाला कुणी हात लावायचा नाही.”