चित्रकाराची बैठक

मी एक जुना काळा कोट आहे. मित्रांनो, त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता म्हणून सांगू! चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर मला चढवणारे चित्रकार आज स्वतःच मला घालून खुर्चीत बसले होते, आणि त्यांचं तैलचित्र काढत होती त्यांची मुलगी.

शिंप्याने मला शिवलं तेच या स्टुडिओसाठी. वकील, डॉक्टर, लाकडाचे व्यापारी, सगळे मला घालून बसले. कोणी सुकडा निघाला तर चित्रकार मला पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून आवळत. समोरून गडी एकदम रुबाबदार! मुलीला मात्र ते सांगत, की कोट नुसता हुद्दा सांगतो, माणूस सापडतो हातांत. एका हट्टी व्यापाऱ्याच्या चित्रात त्यांनी खुर्चीचा हात असा काही घट्ट धरलेला दाखवला, की त्याची बायको तोंड फिरवून हसली.

पुढे लोक फोटो काढून घेऊ लागले. मी खुंटीवर लटकलो, मला कसर लागली. मुलगी नावारूपाला आली. कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की म्हणायची, माझं मीच. चित्रकार ऐकत, आणि ब्रश धूत राहत.

आणि आता ही बैठक! पण त्यांना बसता कुठे येत होतं? दर पाच मिनिटांनी उठून कॅनव्हासपाशी.

“बाबा, आज तुम्ही गिऱ्हाईक आहात. गिऱ्हाइकासारखे गप्प बसा.”

“बसतो गं. तेवढी नाकाखालची सावली बघ, मिशी वाटतेय.”

ती हसली आणि सावली पुसली. चेहरा झाला, मी झालो. हात उद्यावर राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रकार झोपेतून उठलेच नाहीत.

महिन्याभराने तिची आत्या आली. चित्रात मी ऐटीत, आणि बाह्यांपुढे कोरा कॅनव्हास. आत्या म्हणाली, हातात जाड पुस्तक दे, बोटात अंगठी घाल, चारचौघांत शोभेल. मुलीने पुस्तक रंगवलंही. पण ते धरणारे हात कोणाचेही असू शकले असते. तिने सगळं खरवडून काढलं आणि भराभर नवे रंग कालवले. खुंटीवर माझी बटणंसुद्धा थरारली! चित्रात उजवा हात वर आला. नखांत निळा रंग, बोट थेट तिच्याकडे, जणू चित्रकार आत्ता खुर्चीतून उठतील आणि चूक दाखवतील.

मित्रांनो, माझ्यासारखे कोट जपाच. पण कोटातल्या माणसाला जे सांगायचं, ते तो कोटात असतानाच सांगा.

ब्रश ठेवून ती चित्रासमोर उभी राहिली.

“बाबा, माझं मी काही शिकले नाही. तुम्हीच शिकवलंत.”