रंगाखालची गाडी

मी एक जुनी चारचाकी आहे, मित्रांनो. पुढे इंजिन, मागे मोठी डिकी आणि मधे पाच माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा. माझ्यासारखीला लोक सेडान म्हणतात. रस्त्यावर तुम्ही माझ्या कितीतरी बहिणी पाहिल्या असतील. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते आठवलं की आजही माझ्या पत्र्याला कापरं भरतं.

कारखान्यात माझा जन्म झाला आणि मी नंदुरबारच्या एका शोरूममध्ये येऊन उभी राहिले. काचेतून आत येणाऱ्या उन्हात माझा पांढरा रंग लखलखायचा. तिथेच मला पाहायला प्रकाशा गावचे रतिलालभाऊ आले. तापीकाठी त्यांची केळीची बाग होती. बरोबर बायको निर्मलाबाई आणि मुलगा भूपेंद्र होता.

नवी गाडी कशी पारखतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रतिलालभाऊंनी माझं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि कान देऊन आवाज ऐकला. मग डिकी उघडून आत वाकले. केळीचे घड किती मावतील याचा त्यांनी डोळ्यांनीच अंदाज घेतला. निर्मलाबाईंना पुढच्या थाटामाटाशी काही देणंघेणं नव्हतं.

"माले मांगे बठी देखू द्या," त्या म्हणाल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. गुडघे पुढच्या सीटला टेकतात का, मे महिन्याच्या उन्हात थंड हवा मागपर्यंत पोचेल का, उतरताना साडी दारात अडकते का, सगळं त्यांनी स्वतः करून पाहिलं. भूपेंद्रने चाक हातात घेऊन मला बाहेर एक फेरी मारून आणली. गतिरोधकावर माझं पोट घासलं नाही म्हणून तो खूश झाला.

शेवटी गोष्ट येऊन अडली ती एअरबॅगवर. माझ्या स्टेअरिंगच्या आत आणि समोरच्या डॅशबोर्डात एकेक पिशवी घडी घालून ठेवलेली होती. गाडी जोरात धडकली की ती पापणी लवायच्या आत फुगते आणि माणसाला झेलते. विक्रेत्याने हे समजावून सांगितलं तेव्हा रतिलालभाऊ हसायला लागले.

"फुगा कसाले पाहिजे रे भाऊ? आपले जत्रामा जावानं शे का?"

पण भूपेंद्र हटून बसला. "आबा, बाकी काईबी कमी करा, पन हाई ऱ्हावू द्या."

मुलाच्या हट्टापुढे बापाने मान हलवली आणि मी त्या घरची झाले.

किती सुखाचे दिवस होते ते! निर्मलाबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. भूपेंद्रच्या लग्नात मी झेंडूच्या माळांनी झाकून गेले होते. निर्मलाबाईंच्या डोळ्यांच्या इलाजासाठी मी सुरतेला गेले, पाहुण्यांकडे दोंडाईचाला गेले, आणि गर्दीच्या दिवशी कुणा परक्या भाविकालाही एसटी स्टँडवरून प्रकाशाच्या देवळापर्यंत सोडून आले. रतिलालभाऊ वेळेवर तेल बदलायचे, टायरची हवा बघायचे. गाडी पुसायचं कापड दुसऱ्या कामाला वापरलेलं त्यांना चालत नसे.

मग हिवाळ्यातली ती सकाळ आली. आम्ही दोंडाईचाकडे निघालो होतो. रनाळ्याच्या पुढे धुकं इतकं दाट होतं की रस्त्याकडेची बाभळीची झाडं दिसेनात. वळणावर उसाने भरलेली एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, दगड नाही, फांदी नाही. रतिलालभाऊंनी ब्रेक दाबला, पण दव पडून रस्ता निसरडा झाला होता.

माझं तोंड त्या ट्रॉलीखाली शिरलं. त्याच क्षणी माझ्यातल्या दोन्ही पिशव्या फटाक्यासारख्या फुटून फुगल्या. रतिलालभाऊंचं डोकं एका पांढऱ्या गादीवर आदळलं, शेजारी बसलेल्या निर्मलाबाईंचं दुसरीवर. धूर निघाला, काचा पडल्या. पण दोघंही आपल्या पायांनी बाहेर आली. निर्मलाबाई रस्त्याकडेला बसून पदरातल्या काचा झटकत होत्या. रतिलालभाऊ माझ्या चेंदामेंदा झालेल्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि रडले.

मी पुन्हा रस्त्यावर येण्यासारखी राहिले नव्हते. विमा कंपनीचा माणूस आला, त्याने मान हलवली आणि मला उचलून नेण्यात आलं. रतिलालभाऊंना वाटलं, आता ही भंगारात जाणार. मलाही तसंच वाटलं. दोन माणसं वाचवून मी जात होते. याहून चांगलं जाणं गाडीला कुठून मिळणार?

पण मित्रांनो, मला जाऊ दिलंच नाही.

माझे डोळे उघडले ते मगनशेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मगनशेठ जुन्या गाड्यांचा व्यापारी, त्याने मला भंगाराच्या भावात उचललं होतं. माझं चेपलेलं तोंड कापून काढलं होतं आणि त्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं तोंड आणून जोडलं होतं. वेल्डिंगच्या ओबडधोबड शिवणीवर लांबी म्हणजे पुट्टी भरली, तिच्यावर रंग मारला. मग एकाने वायर लावून माझ्या मीटरवरचा आकडा मागे नेला. सुरतेची वाट, लग्नाची वरात, सगळं माझ्या आयुष्यातून पुसून टाकलं. मी हादरून गेले होते. पण सर्वात मोठा धक्का पुढेच होता. स्टेअरिंगच्या मधोमध जिथे माझी पिशवी असायची, त्या रिकाम्या पोकळीत त्यांनी स्पंजाचा तुकडा कोंबला आणि वर नवं झाकण चिकटवलं. त्या झाकणावर एअरबॅग असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

मग मला उन्हात आणून उभं केलं, आणि दुसऱ्यांदा माझी पारख झाली.

नवापूरच्या डोंगराकडचं एक कुटुंब आलं होतं. दानियल गुरुजी शाळेत शिकवत होते. त्यांची बायको एस्तेर परिचारिका होती आणि तिची बदली नुकतीच प्रकाशाच्या दवाखान्यात झाली होती. दर आठवड्याला तिला नेण्या-आणण्यासाठी गाडी हवी होती. बरोबर एस्तेरचा भाऊ लखन आला होता. तो जीप चालवायचा, म्हणून गाडीतलं त्याला कळतं असं घरात सगळे मानायचे.

लखनने बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करून ऐकलं, मागे जाऊन धुराचा रंग पाहिला. माझ्या चारही कोपऱ्यांवर भार देऊन मला हलवून बघितलं. टायरच्या खाचांत बोट घातलं. "इंजिन खणखणीत आहे, दाजी," तो म्हणाला. ते खरंच होतं. रतिलालभाऊंनी जपलेलं इंजिन होतं ते. दानियल गुरुजींनी एसी लावून पाहिला, काचा वरखाली केल्या. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवावी असं त्यांच्या मनात आलं होतं, पण मगनशेठ हसून म्हणाला, "गुरुजी, एका डॉक्टरसाहेबांची गाडी आहे. रविवारी चर्चला जाण्यापुरती निघायची. कागदांचं सगळं मी करून देतो. तुम्ही फिरताय तोवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल."

चर्चचं नाव ऐकून गुरुजी विरघळले. एस्तेरने मात्र विचारलं, "एअरबॅग आहेत ना हिला?"

मगनशेठने माझ्या स्टेअरिंगवर थाप मारली. "हे काय ताई, लिहिलेलंच आहे."

मित्रांनो, त्या थापेचा पोकळ आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. बाहेर कुणालाच आला नाही.

मी नवापूरला गेले. माणसं मोठी मायेची होती. गुरुजींची आई मोगराबाई हिला मागे बसलं की मळमळायचं, म्हणून ती नेहमी पुढे बसायची. ती माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवून आपल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत माझ्याशी गप्पा मारायची. घाटातल्या प्रत्येक वळणावर माझा जीव गोळा व्हायचा. तिच्या समोर नुसतं रेक्झिन होतं, आत काही नव्हतं.

एका सोमवारी सकाळी आम्ही एस्तेरला सोडायला प्रकाशाला पोचलो. दवाखान्याच्या आवारात मी उभी होते. मोगराबाई उतरून कडुनिंबाच्या सावलीत बसली होती. एवढ्यात रक्तदाब तपासून घ्यायला आलेली एक बाई माझ्यासमोर येऊन थबकली. तिने माझा नंबर वाचला. पुन्हा वाचला. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हाई गाडी आठे कशी?" ती ओरडली. "हाई तं मरी गयी व्हती!"

निर्मलाबाई होत्या त्या. एस्तेर धावत बाहेर आली. बाईंना चक्कर आली असावी असं तिला वाटलं. पण निर्मलाबाई तिचा हात धरून एकच सांगत होत्या, ही गाडी आमची, ही आमच्या डोळ्यांदेखत मेली. त्यांनी फोन केला आणि थोड्याच वेळात रतिलालभाऊ मोटारसायकलवर आले. माझ्याभोवती एक फेरी मारली. भूत पाहावं तसे ते माझ्याकडे बघत होते. मीटर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"मन्हापाशी व्हती तवय यान्हापेक्षा जास्त चालेल व्हती," ते म्हणाले. "गाडी मांगे कशी चाली?"

दानियल गुरुजी वाकून मीटरवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचू लागले. मग रतिलालभाऊंनी स्टेअरिंगवर हात ठेवला. "गुरुजी, आम्हना जीव हाई फुग्यानी वाचाडा. पन तवय तो फुटी गया व्हता. परत कोनी बसाडा?"

एस्तेरने पुढच्या सीटकडे पाहिलं. मोगराबाईची घडी केलेली शाल तिथे पडलेली होती.

त्याच दिवशी सगळे मला घेऊन नंदुरबारच्या वर्कशॉपला गेले. आई पुढे बसायला निघाली तेव्हा गुरुजी तिच्यावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. "तिथे नाही! मागे बस, आई!" वर्कशॉपमध्ये माझं झाकण उघडलं आणि पिवळट स्पंज बाहेर आला. डॅशबोर्डातली जागा रिकामीच होती. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा म्हणून जो छोटा दिवा लागायचा आणि विझायचा, त्याची वायर दुसऱ्याच दिव्याला बांधलेली निघाली. मला लिफ्टवर चढवून खालून पाहिलं तेव्हा दोन गाड्यांची शिवण उघडी पडली. वर्कशॉपचे साहेब एवढंच म्हणाले, "ही गाडी पुन्हा धडकली तर आतलं कुणी वाचणार नाही. हिला रस्त्यावर आणू नका."

गुरुजी तिथेच पायरीवर बसले. "मी शिकलेला माणूस," ते म्हणाले, "आणि मी रंग बघून आईला त्या सीटवर बसवलं." मोगराबाईने त्यांच्या केसांतून हात फिरवला.

मगनशेठकडे सगळे गेले. रतिलालभाऊही साक्षीला गेले. "जुनी गाडी बघून घेतली ना तुम्ही?" असं म्हणून त्याने खांदे उडवले. शेडमध्ये दुसरं एक कुटुंब एक लाल गाडी बघत होतं. एस्तेरने त्यांना मोठ्याने सांगितलं, "आधी कंपनीत नेऊन खालून बघा, मगच घ्या." ते कुटुंब निघून गेलं. ग्राहक मंचात तक्रार झाली, माझी तपासणी झाली, फोटो निघाले. निकाल अजून लागायचा आहे.

तपासणी संपली आणि मला तळोद्याचा करमसिंग पाहायला आला. त्याला लग्नाची भाडी मारायला गाडी हवी होती. दानियल गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं. धडक, शिवण, स्पंज, मीटर. काही म्हणून लपवलं नाही. करमसिंगने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे, त्या मानाने स्वस्तात द्या. मी रंगरंगोटी करून घेतो."

"पण बसणाऱ्यांचं काय?"

"त्यांना कशाला सांगायचं, गुरुजी?"

लखन गुरुजींच्या कानात पुटपुटला, "दाजी, देऊन टाका. आपलं बुडालंय ते थोडं तरी निघेल." गुरुजींनी माझी चावी मुठीत धरली होती. त्या घराला ओढाताण होतीच, हे मला माहीत होतं. गुरुजींची मूठ किंचित सैल झाली.

तेव्हा मोगराबाई दारातून म्हणाली, "जी म्हातारी पुढे बसेल, तिला कुणीतरी आई म्हणत असेलच ना?"

गुरुजींनी चावी खिशात टाकली. "गाडी विकायची नाही," ते म्हणाले. करमसिंग हसला, वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि निघून गेला. लखन मान खाली घालून उभा राहिला. मग तोही म्हणाला, "बरोबर केलं, दाजी."

गुरुजींनी माझी नोंदणी रद्द करून घेतली आणि मला तंत्रशाळेला देऊन टाकलं. आता माझी दारं काढलेली आहेत, रंग खरवडलेला आहे, सगळ्या शिवणी उघड्या आहेत. रोज मुलं-मुली माझ्याभोवती जमतात. काल मला पहिल्यांदा पाहणारी एक मुलगी शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत गेली. मग तिने विचारलं, "सर, असं माणसं मुद्दाम करतात?" सरांनी हो म्हटलं. तिच्या डोळ्यांतला तो धक्का मी पाहिला आणि मला बरं वाटलं, कारण हे कधीच अंगवळणी पडू नये.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या घरी गाडी घ्यायची बोलणी निघतील तेव्हा मोठ्यांजवळ हट्ट धरा. नवी असो की जुनी, तिला उचलून खालून बघा. आधी कुणाची होती ते शोधा, त्याच्या दारात जाऊन विचारा. विकणारा घाई करू लागला तर पाय मागे घ्या. आणि कधी तुम्हीच विकणारे झालात, तर गाडीत काय उरलंय आणि काय नाही ते घेणाऱ्याला खरं सांगा. त्या सीटवर उद्या कोण बसणार आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे.