कुठेच न पोहोचलेली सायकल

मी नंदकुमारांच्या घरातली व्यायामाची सायकल बोलतेय. म्हणजे अंगावरचा ओला टॉवेल जरा बाजूला केलात, तर ऐकू येईल.

चार वर्षांपूर्वी मला जोगेश्वरीत, या तिसऱ्या मजल्यावर आणलं ते नंदकुमारांचं पोट कमी करायला. ते चार दिवस बसले. पाचव्या दिवशी गुडघा दुखला, सहाव्या दिवशी माझ्यावर चादर वाळत पडली. पोट आहे तिथेच आहे आणि मीही. सायकल असून आयुष्यात इंचभर पुढे गेले नाही, तेव्हा तोरा मिरवावा असं माझ्याकडे काही नाही.

मग जुलैत त्यांची मुलगी गंधाली गोविंदा पथकाच्या सरावात चौथ्या थरावरून पडली. डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसला. आधी आराम झाला. मग डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं सायकल मारा, बोलता येईल इतकीच हळू. डोकं दुखलं की उतरायचं.

हळू? त्यात माझा हात कोण धरणार!

नंदकुमार समोर स्टुलावर बसायचे. "बोलत राहा गं. थरांतल्या मुलींची नावं सांग."

ती खालच्या थरापासून एकेकीचं नाव घ्यायची, चौथ्यावर स्वतःचं. दहीहंडी तीन आठवड्यांवर आली होती आणि तिला आपली जागा सोडायची नव्हती.

"दुखतंय का?"

"नाही ना, बाबा. झकास वाटतंय."

साफ खोटं. माझं हँडल ती इतकं आवळायची की जुनं रबर तळव्याला चिकटायचं. मला सगळं कळत होतं, पण करकरण्यापलीकडे मी काय करणार?

एका सकाळी ती तिसऱ्या थरापर्यंत आली आणि अडली. ऋतिकाचं नाव आठवेना. सरावात जिच्या खांद्यावर पाय ठेवून ती उभी राहायची, ती ऋतिका. तिचे पाय थांबले.

"बाबा, दुखतंय. सोमवारपासून."

नंदकुमार रागावले नाहीत. तिला हाताला धरून उतरवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"यंदा माझ्या जागी तेजलला चढू दे," ती म्हणाली आणि रडली. मलाही फार वाईट वाटलं.

पुन्हा आराम, पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात. काल तिने बारा मिनिटं मारली, डोकं न दुखता. सगळी नावं घेतली. चौथ्या थरावर तेजलचं, आणि स्वतःचं जमिनीवर, पाणी देणाऱ्यांत.

कपडे खुशाल वाळत घाला, माझी ना नाही. फक्त सकाळी सातला हँडल मोकळं ठेवा. हल्ली ती ते नुसतं धरते, आवळत नाही.