बबलूला तोलणाऱ्या तराजूची गोष्ट

मित्रांनो, मी शेलूबाजारच्या एका किराणा दुकानातला जुना तराजू. दोन पितळी पारडी, सहा साखळ्या, एक दांडी आणि दांडीच्या मधोमध उभा काटा, एवढंच माझं शरीर. ज्यानं मला घडवलं त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याची कानस आठवते. त्यानं डाव्या पारड्याची कड जराशी घासली, मला उचलून पाहिलं, पुन्हा घासली, पुन्हा उचललं. काटा अगदी सरळ उभा राहिला तेव्हाच त्यानं मला हातावेगळं केलं.

उदयसिंग दुकानदाराकडे मी तीस वर्षं काम केलं. पोती तोलणं माझं काम नव्हतं. जिरं, लवंग, विलायची, खसखस असा नाजूक माल माझ्याकडे यायचा. बाया पदर सावरत माझ्या काट्याकडे टक लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "याचा काटा कोनाची भीड धरत नाही." ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग दुकानात आकडे चमकणारा विजेचा काटा आला आणि मी मागच्या खोलीत खिळ्याला लागलो. एका पारड्यात कोळ्यानं जाळं केलं, दुसऱ्यात सुतळीचे तुकडे साठले. मी रागावलो नाही. पण तोलायला काहीच नसलं की दिवस फार लांबतो हो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी जवळच्या वस्तीवरची सुकेशनी दुकानात आली. वय कोवळं, बी.ए. झालेली, कडेवर चार वर्षांची लेक सपना. तिला एका पाखराचं रोज वजन करायचं होतं. दुकानातल्या विजेच्या काट्याचा आकडा पाच-पाच ग्रॅमनीच सरकायचा, आणि तिला एकेक ग्रॅम कळायला हवा होता.

उदयसिंगनं मला खिळ्यावरून काढलं, सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. "घेऊन जाय माय. याच्यात लवंग जरी टाकली तरी समजते. वजनं बी ने संगं."

अशी मी नोकरी बदलली!

त्या पाखराचं नाव बबलू. हे नाव सपनानं ठेवलेलं. सुकेशनीचा नवरा प्रसेनजित लाइनमन आहे. कारंजा लाडला एका बंद घराची वीज कापायला तो गेला, तर ओट्यावर पिंजरा तसाच पडलेला. भाडेकरू घर सोडून गेले होते, पाखरू मात्र मागेच राहिलं होतं. शेजारीण म्हणाली, "न्या ना बाप्पा. माह्याच्यानं नाही होत. ते लोक त्याले फडक्यात दाबून धरत, तवापासून हात दिसला की चिरकते."

बबलू आपल्याकडचा हिरवा राघू नव्हता. कॉकाटील नावाची परदेशी जात, अंग राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर शेंदरी टिकल्या. शेजारची लखमा त्याला बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"हा हिरवा काहून नाही वं? रंग उडला का याचा?"

"मावशी, याची जातच तशी हाय," सुकेशनी म्हणाली.

"मंग मिठू मिठू तरी म्हनते का?"

"अजून काहीच म्हनत नाही. फुसफुस करते निस्ती."

कारंजाच्या डॉक्टरांनी एकदा त्याला डब्यात घालून तोललं, तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर ग्रॅम भरला. पण त्या पकडापकडीत बबलू इतका धापा टाकू लागला की डॉक्टरही घाबरले. त्यांनी सांगितलं, "रोज वजन बघा. बहात्तरच्या खाली गेला तर लगेच आणा. पण याला धरू नका. भीतीनंच याचं काळीज बंद पडेल."

वजन तर करायचं, पण हात लावायचा नाही. आता सांगा, मी काय करणार होतो?

सुकेशनीनं मला पिंजऱ्यासमोर खिडकीच्या गजाला टांगलं. हवेनं माझं पारडं हललं की बबलू मागच्या कोपऱ्यात चिकटायचा. तीन दिवस गेले. सुकेशनी सकाळी उठून आधी सवयीनं सपनाच्या कपाळाला हात लावायची, मग पिंजऱ्यापाशी येऊन त्याच्या छातीचं हाड वर आलंय का ते निरखायची. ते दिवसागणिक जास्तच दिसत होतं.

"मी फडक्यात धरतो ना त्याले," प्रसेनजित म्हणाला. "दोन मिनिटाचं काम हाय."

"फडक्याचं तर नावच काढू नका तुमी!"

"मंग वजन कसं करशीन? फोटो पाहून?"

सुकेशनीची सासू रुपाबाई दारात तूर निवडत होती. ती म्हणाली, "लाड करून राह्यली सून. वाटी भरेल हाय, मिरची हाय, भिजेल डाळ हाय. भूक लागली की खाते आपोआप. त्याचा रुसवा हाय, दुसरं काय?"

वाटी खरंच भरलेली दिसायची. करडई आणि राळा, काठोकाठ. रुपाबाई रोज वरून चिमूटभर टाकायची. सुकेशनीला वाटायचं, आपल्या भीतीनं तो खातच नाही. म्हणून ती आणखी लांब बसायची, सपनालाही लांब बसवायची.

चौथ्या दिवशी तिनं ठरवलं, पाखरू तोलता येत नाही तर निदान त्याचं खाणं तोलू. पहिल्या दिवशी वाटीत चाळीस ग्रॅम दाणे घातल्याचं तिला आठवत होतं. तिनं वाटी माझ्या पारड्यात रिकामी केली. ढीग चांगला मोठा झाला. समोर वीस ग्रॅमचं वजन ठेवलं, माझा ढीग वर गेला. दहा ठेवलं, तरी वरच. शेवटी सात ग्रॅमला काटा उभा राहिला.

"आई, हा तराजू बिघडेल दिसते," ती म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत असं मला कोणी म्हणालं नव्हतं!

रुपाबाई उठून आली. तिनं माझ्या पारड्यातली मूठभर करडई तळहातावर घेतली, बोटानं चाळवली आणि सहज फुंकर मारली. फू! सगळी करडई उडून भुईवर पांगली. हातावर चार दाणे उरले.

"अवो माय! हे तर निरं फोल हाय!"

बबलू रुसला नव्हता. तो दाणा फोडून आतला गर खात होता आणि टरफल वाटीतच टाकत होता. वरून वाटी भरलेली दिसत होती, आणि तो मात्र उपाशी होता. मिरची आणि डाळ हे खाणं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

रुपाबाई मटकन खाली बसली. "साऱ्या जन्मात सुपानं दाने पाखडले म्या. अन् घरात आनलेल्या पाखराले फोल चारलं."

सुकेशनीचेही डोळे भरले, पण ती थांबली नाही. तिनं वाटी धुऊन पुसून नवे दाणे भरले, पिंजऱ्यात सरकवली आणि हात लगेच मागे घेतला. बबलू आधी कोपऱ्यातच होता. मग एक पाऊल, दोन पावलं. मग करडई फुटण्याचा कट् कट् आवाज सुरू झाला, तो कितीतरी वेळ थांबलाच नाही. सपना तोंडावर दोन्ही हात धरून बसली होती.

त्या दिवसापासून रुपाबाई सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्याजवळ बसून वाटीवर फुंकर मारू लागली. आठवड्याभरात बबलू तिचं फू ऐकलं की पुढच्या दांडीवर यायला लागला. "पाय, सासूले ओळखते, सुनेले नाही," रुपाबाई हसून म्हणायची. सुकेशनीही हसायची, पण मला दिसायचं, तिला थोडं लागत होतं.

वजन मात्र अजून झालं नव्हतं. छातीचं हाड झाकलं होतं की सुकेशनीला तसा भास होत होता? ती स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. तिनं मला गजावरून काढून खाटेवर ठेवलं, पारडी गोधडीवर टेकवली. आता मी हलत नव्हतो. रोज ती माझ्या एका पारड्यात ज्वारीच्या कणसाचा तुकडा ठेवायची, पिंजऱ्याचं दार उघडायची, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि भिंतीला टेकून बसायची.

पहिल्या दिवशी तो दारातून डोकावला. तिसऱ्या दिवशी खाटेवर उतरला आणि माझी साखळी चावून पळाला. पाचव्या दिवशी त्यानं लांबूनच मान ताणून कणसाचे दोन दाणे तोडले. आणि नवव्या दिवशी सकाळी बबलू आपल्या पायांनी माझ्या पारड्यात चढला. मी जिरं तोललं, खसखस तोलली, पण इतकी गरम वस्तू माझ्यात कधी आली नव्हती. त्याच्या काळजाचा ठोका मला पितळेत कळत होता.

दुसऱ्या पारड्यात सुकेशनीनं तेवढ्याच वजनाचा कणसाचा तुकडा आणि बहात्तर ग्रॅम आधीच ठेवले होते. तिनं माझी दांडी केसभर उचलली. बबलूचा तुरा ताठ झाला. ती थांबली. त्यानं पुन्हा कणीस चोचीत धरलं. तिनं आणखी थोडं उचललं. माझा काटा डुलू लागला.

माझं वजनांचं पारडं वर गेलं. बबलू खाली!

तिनं हळूच दहा ठेवले, मग पाच. काटा सरळ झाला. सत्त्याऐंशी ग्रॅम. "आई," ती इतक्या हळू म्हणाली की मलाच जेमतेम ऐकू आलं, "भरला."

रुपाबाईनं दारातूनच दोन्ही हात जोडले.

मी आता त्याच घरात असतो. बबलू रोज माझ्यात चढतो, वेळ झाली की माझ्या साखळ्या वाजवतो. काल कणीस संपल्यावर तो पिंजऱ्याकडे निघाला, वाटेत सुकेशनीचा हात गोधडीवर पडलेला होता. तो वळसा घालून गेला नाही. तिच्या चार बोटांवरून, एकेक पाऊल टाकत गेला. तिनं बोट हलवलं नाही, हाकही मारली नाही. तो पिंजऱ्यात पोचल्यावरच तिनं श्वास सोडला.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा घाबरलेला जीव आला तर माझं एवढंच ऐका. त्याची वाटी लांबून बघू नका, जवळ जाऊन फुंकर मारून बघा. आणि तुमचा हात त्याच्याकडे नेण्याची घाई करू नका. हात फक्त जमिनीवर उघडा ठेवा. त्याला यायचं असेल तेव्हा तो येईल.