डावीकडं दामिनी, उजवीकडं शाळू

नांदेडच्या वजिराबादेत भांड्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या दामिनीला गिऱ्हाइकाच्या मनातलं गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं. कढई हातात घेऊन बाईनं ती उजेडाकडं धरली की घेणार, नवऱ्याकडं बघितलं की नुसतीच ठेवून जाणार. पण स्वतःच्या मनाशी गाठ पडली तेव्हा हीच दामिनी कढई उजेडाकडं धरून उभीच राहिली. ना घेती, ना ठेवती.

गोष्ट छातीची होती. दोन लेकरं अंगावर पाजून मोठी झाली, मग थायरॉइडनं अंग फुगवलं, मग गोदावरीच्या काठानं पहाटे चालून चालून दामिनीनं ते सगळं उतरवलं. पोट गेलं, हनुवटीखालची हनुवटी गेली. छाती मात्र अशी उतरली की परत वर यायचं नावच घेईना.

"लोकांचं तोरण दारावर असतं," ती नणंदेला म्हणायची, "माझं उंबऱ्याला टेकलंय."

नणंद म्हणजे शिल्पा. नवऱ्याची, संगमेश्वरची, धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी, पोटात गोष्ट ठेवणारी, आणि ठेवताना हसून हसून बेजार होणारी.

रोज सकाळी वेणी घालताना दामिनीचे हात डोक्यावर जायचे आणि तेवढ्या वेळापुरती आरशात पंचविशीतली दामिनी येऊन उभी राहायची. रबर बसला, हात खाली आले, की गेली. दामिनीला तिला घरात ठेवून घ्यायचं होतं. नवऱ्यासाठी नाही, गिऱ्हाइकासाठी नाही. आपल्याच घरातलं माणूस परत आल्यागत वाटावं म्हणून.

म्हणून शिल्पाला घेऊन ती डॉ. बुद्धप्रिया भद्रे यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई तरुण, बोलायला मऊ आणि घाई नसलेल्या.

"गळ्यातलं लिंग काढावं लागंल का हो?" दामिनीचा पहिला प्रश्न. पाळण्यात असल्यापासून तिच्या गळ्यात इष्टलिंगाचा शिवदारा होता.

"हाताला बांधू आपण. पुढं विचारा."

पुढं काय विचारायचं ते डॉक्टरबाईंनीच सांगितलं. नुसतं लिफ्ट केलं तर जादाची कातडी काढून छाती वर बसवायची. जागा बदलते, आकार काही वाढत नाही, वरचा भाग थोडा रिकामाच राहतो. सोबत इम्प्लांट घातलं तर तो भाग भरून येतो, भरगच्च दिसतं. दोन्ही एकदम करता येतं. पण इम्प्लांट जन्माला पुरत नाही, पुढंमागं बदलायची वेळ येऊ शकते, आणि भार जास्त झाला तर ताणलेली कातडी परत खाली येण्याचा धोकाही असतो.

"तुम्ही सांगा मॅडम, काय करू?"

"दोन्हीपैकी काहीही केलं तरी मी नीट करीन. पण काय हवंय ते मी नाही सांगू शकत. एक करा. पातळ मोज्यात तांदूळ भरा, तीनशे मिली एकेकात, आणि घट्ट ब्रामध्ये ठेवून एक दिवस घालवा. काम करा, हिंडा, वाका. सोमवारी मला सांगा. बुधवारी ऑपरेशन."

जिन्यावरनं उतरताना शिल्पाचा निकाल तयार होता. "वहिनी, दोन्ही. एकदाच भूल, एकदाच टाके, एकदाच बाकीच्यांना खोटं सांगायचं."

घरी संगमेश्वरला विचारलं. त्यानं चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.

"तुला बरं वाटंल ते कर."

"मला काय बरं वाटंल तेच तर उमजंना. तुमी एक सांगा की."

"घागर घ्यायची का हंडा, हे गिऱ्हाइकानं ठरवायचं असतंय. दुकानदारानं मधी बोलू न्हाई."

"मी गिऱ्हाईक हाय व्हय?"

"न्हाई, मतलब," असं म्हणत तो जो दुकानात गेला तो जेवायलाच वर आला.

रविवारी लातूरला दामिनीच्या भावाच्या, उमाशंकरच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न होतं. आत्या म्हणून दामिनी दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं असणार, वाकणार, नाचणार, गळ्यात पडणार. परीक्षेला याच्याहून चांगला दिवस कुठला. पहाटे शिल्पा चामडीच्या रंगाचे पातळ मोजे घेऊन हजर झाली आणि तांदळाचा डबा उघडून बघते तर तळाला मूठभर.

"असू दे," दामिनी म्हणाली, "शाळू हाय की. दादानं आत्ताच पोतं धाडलंय."

डॉक्टरीणबाईंनी तांदूळ सांगितला होता खरा. पण ज्या घरात भाकरी दोन्ही वेळेला आणि भात पाहुण्याला, त्या घरात माप घ्यायला हात ज्वारीकडंच जाणार. शिल्पानं दुधाच्या मापानं दाणे मोजून मोज्यात सोडले, गाठी मारल्या, पट्ट्या ओढून ओढून सगळं वर बसवलं आणि तोंडातल्या तोंडात सूर धरला:

*शाळू मोत्यावानी, कणगीत मावंना*
*वैनीच्या चोळीमधी, जागा त्याला गावंना*

"गाऊ नको गं, हसले की हलतंय."

आणि हललं की वाजायचं. सुपात कुणी दाणे लोळवावेत असा बारीक, गोड आवाज. गाडीत संगमेश्वरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. लोहा सोडलं, गतिरोधक आले, तसा त्याचा कान टवकारला. अहमदपूरच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, बोनेट उघडून उभा राहिला.

"काहीतरी ढिलं हाय. खडखड करून राहिलंय."

मागच्या सीटवर शिल्पानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुढं दामिनी हसू दाबायला गेली, तशी जास्तच वाजली.

"बघा, आता उभी हाय तरी वाजतीया," संगमेश्वर चिंतेनं म्हणाला आणि इंजिनाला कान लावला.

लातूरच्या मंगल कार्यालयात पाऊल टाकलं तर वैशाखातल्या कूलरचा वारा, मोगरा, मठ्ठ्याचा वास, आणि दारातच दामिनीची आई नागम्मा. तिनं लेकीला उराशी धरलं आणि जरा थबकली.

"काय वाजलं गं तुझ्यात?"

"नवी साडी हाय अव्वा. कडक हाय."

"लई कडक हाय बाई," म्हणून नागम्मानं पदर चाचपला. पण लेकीकडं बघून तिचा चेहरा खुलला. "तब्येत लागली तुझी. मधी कशी वाळून गेली होतीस."

गंमत पुढंच होती. दिवसभर माणसं थांबत होती, बघत होती, काहीतरी बदललंय हे त्यांना कळत होतं आणि काय ते कुणाला सांगता येत नव्हतं. एक जण म्हणाली केस छान कापलेत. एकीनं ब्लाऊजच्या शिंप्याचं नाव विचारलं. शेजारच्या म्हाताऱ्या पारूबाईनं तर संगमेश्वरलाच गाठलं. "जावई, काय खाऊ घालता हो हिला?" तो म्हणाला, "शाळूच की मावशी, दुसरं काय," आणि शिल्पा खांबामागं जाऊन खाली बसली.

दामिनीला गुदगुल्या होत होत्या. पण गुदगुल्यांच्या बुडाशी एक गोष्ट टोचत होती. बारा वाजले नाहीत तोवर खांद्यात पट्टी रुतली होती. कुणाच्या पाया पडायला वाकली की दाणे पुढं धावायचे, उठली की मागनं यायचे. सोबत एक पाहुणी आणलीय आणि तिला सारखं सांभाळून न्यायचंय, असं काहीतरी. ही पाहुणी जन्मभर राहिली तर? आणि तिला नको म्हटलं आणि नंतर रोज आरशात हळहळ वाटली तर? उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना एकच काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगितलेलं परत घेता येणार नव्हतं.

तेवढ्यात डीजेवाल्यानं आवाज वाढवला. ऋतुजा फुलांच्या चादरीखालून निघाली आणि तिच्यापुढं नाचायचा मान आत्याचा. सुरुवातीला दामिनी दोन्ही हातांत भरलेली ताटं असल्यागत नाचली. ऋतुजा चादरीखालून ओरडली, "आत्या, काय आजारी हायस का?" मग मात्र दामिनीनं हात वर टाकले. गिरकी घेतली, बसली, उठली, परत गिरकी. कुठंतरी मध्येच अंग हलकं झालं, श्वास मोकळा झाला, आणि तिला वाटलं सवय झाली.

व्यासपीठापाशी स्वामींनी मंगलाष्टकं सुरू केली. कुंकवात रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता मुठीमुठीनं वाटल्या गेल्या. पहिल्या सावधानला लाल पाऊस पडला. तेव्हा मागं उभ्या शिल्पानं वहिनीचा दंड धरला.

"वहिनी, खाली बघा."

सगळ्यांच्या पायाशी लाल दाणे होते. दामिनीच्या डाव्या पायाच्या जोडव्यांवर पांढरा ढीग साचला होता, आणि निऱ्यांमधनं अजून एकेक दाणा टपकत होता.

"तुमी गळून राहिल्या," शिल्पा म्हणाली आणि हसून तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

दोघी पळत नवरीच्या खोलीत. कडी. आरशाभोवती दिव्यांची माळ लखलखत होती. पदर काढला तर डाव्या खांद्याची पिन उघडी पडलेली. गिरकीत तिचं टोक आत घुसलं होतं आणि डावा मोजा पार रिता होऊन पोटाशी चिकटला होता. उजवा गच्च भरलेला. पट्ट्या दोन्हीकडं ताणलेल्या, दोन्हीकडं सारखं वर.

आरशात डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं उभं होतं. डावीकडं नुसतं लिफ्ट. उजवीकडं लिफ्ट आणि इम्प्लांट.

तिनं डावीवर तळवा ठेवला आणि नुसती उजवी बघितली. देखणी होती. दुकानाच्या काचेतल्या, अजून लेबल न काढलेल्या घागरीसारखी. मग तिनं हात बदलला. उजवी झाकली, डावी बघितली.

"वहिनी?"

"थांब जरा."

डावी लहान होती. वरनं थोडी उतरती. आणि ओळखीची होती, इतकी ओळखीची की दामिनीला एकदम हसू फुटलं. हात डोक्यावर न्यायची गरजच नव्हती. ती बाई हात खाली ठेवून, पदर कमरेला खोचून, घामेजलेली, तिच्याकडं बघून हसत होती. आणि नाचताना जेव्हा अंग हलकं झालं तेव्हापासून हीच नाचत होती.

"मला तर उजवीच आवडली," शिल्पा म्हणाली. "खरं सांगते."

"आवडली तर तू घे. ही माझी."

"वरनं रिकामी वाटती की."

"वाटू दे. हवा खेळंल," दामिनी म्हणाली आणि उजवा मोजा उपसून काढला. खांद्यावर पट्टीचा लाल वळ उठला होता. तो चोळते न चोळते तोच दार वाजलं. शिल्पानं कडी काढली आणि अक्षतांचं रितं ताट घेऊन नागम्मा आत आली.

"इथं काय करून राहिल्या गं तुमी? अक्षदा सरल्या, अजून दोन मंगलाष्टकं हायत." तिची नजर दामिनीच्या हातातल्या मोज्यावर गेली. "अगं बाई, तुझ्याकडं हाय की." तिनं गाठ सोडली, ताटात ज्वारी ओतली आणि हात मागं घेतला. "गरम कशी हाय?"

"उन्हात होती अव्वा."

"बरंय, कीड न्हाई लागत," म्हणत नागम्मानं कोपऱ्यात मांडलेल्या देवीपुढचं कुंकू त्यावर टाकलं, चार थेंब पाणी शिंपडलं, भराभरा कालवलं आणि ताट घेऊन बाहेर. दोघींना तिला अडवायची शुद्धच राहिली नाही. दारात उभ्या राहून त्यांनी बघितलं: संगमेश्वरनं मूठभर घेतली, पारूबाईनं ओंजळ पुढं केली, व्याह्यांनी घेतली, आणि सावधान म्हणताच दामिनीचं तीनशे मिली ऋतुजाच्या आणि तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर बरसलं.

जेवणावळी उरकल्यावर, कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर नागम्मा पाय पसरून बसली होती तेव्हा दामिनीनं तिला सगळं सांगितलं. बुधवार, दवाखाना, टाके, नुसतं लिफ्ट. नागम्मा ऐकत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं.

"म्हणजे मी मघाशी समद्यांला काय वाटलं?"

शिल्पा ओट्यावर आडवी झाली. नागम्मानं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते, आधी वाटलं रडतीय. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "दुखंल का गं?"

"थोडे दिस दुखंल. हात वर करायचे न्हाईत म्हणल्या."

"मग वेणी कोण घालंल तुझी? मी येते मंगळवारी."

संगमेश्वर पानाचं तबक घेऊन आला. बायकोचा चेहरा बघून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "ठरलं का?"

"ठरलं. नुसतं लिफ्ट."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला की तबकातली पानं हलली. "मला भ्या वाटून राहिलं होतं," तो म्हणाला. "अजून बी वाटतंय. पण कमी."

"मग आधी का बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर तू माझ्या भ्यापायी ठरवलं असतंस."

दामिनीनं त्याच्या तबकातलं पान उचललं, दोन्ही पाय ओट्यावर घेतले आणि सोमवारची वाट न बघता डॉक्टरबाईंना फोन लावला.

"मॅडम, नुसतं लिफ्ट. आत काही नको."

"वरचा भाग रिकामा राहील, ते चालेल? नीट विचार केलाय?"

"केला न्हाई मॅडम, बघितला. डोळ्यांनी."

"बरं. मग बुधवारी या. सकाळी काही खाऊन येऊ नका. सोबत कोण असेल?"

"अव्वा असंल माझी."

नागम्मानं लेकीचं मनगट धरून फोन स्वतःच्या तोंडाकडं ओढला. "बाई," ती म्हणाली, "अडुसष्ट वर्साच्या माणसाचं करता का तुमी?"