मिस्त्रींचा फोनवरचा आठवडा

"तुमची ताकद एका शब्दात सांगा," असं म्हणत प्रशिक्षकाने माइक मिस्त्रींच्या हातात दिला आणि त्यांना खुर्च्यांच्या गोलात मधोमध उभं केलं.

पन्नाशीचा धिप्पाड माणूस. बाराव्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या पोकळीत निम्मा वाकून दोर तपासणारा. तो इथे घामाने निथळत होता. शर्टाच्या खिशावर कागदाचा निळा गोल चिकटवलेला होता. निळा म्हणजे विचारी, असं सकाळीच सांगून झालं होतं.

"ग्... ग्... ग्..." माइकमधून नुसता धापांचा आवाज आला.

"ग्रीस," ऑफिसचे फोन घेणारी लांबण बसल्या जागेवरून म्हणाली. "त्यांना ग्रीस म्हणायचंय. लिहून घ्या आणि पुढे चला."

सगळे हसले. मालकांचा मुलगा, धाकटा, तेवढा हसला नाही. हातातल्या वहीत त्याने काहीतरी टिपून घेतलं. आपल्याविषयीच असणार, हे लांबणने ओळखलं आणि आपल्या खिशावरचा पिवळा गोल नखाने खरवडायला सुरुवात केली. पिवळा म्हणजे उत्साही. बावीस वर्षं नोकरी केल्यावर ती उत्साही आहे, हे एका टाय लावलेल्या पोराने तिला दहा मिनिटांत सांगितलं होतं.

लिफ्ट दुरुस्तीची ही कंपनी थोरल्या मालकांनी एका गॅरेजमध्ये काढली तेव्हा त्यांच्याकडे दोनच माणसं होती. एक हे मिस्त्री. लिफ्टच्या भिंतीला कान लावून ते बिघाड सांगायचे, पण स्वतःचं नाव सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागायचं. दुसरी ती. थोरल्यांनी पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून कामाची वाटणी केली होती. "मिस्त्री, तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि बाई, तुम्ही बंद करायचं नाही."

कंपनी यावरच चालली. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन तिच्याकडे यायचा, आणि मिस्त्री पोचेपर्यंत ती त्या माणसाला सोडायची नाही. घरी कोण असतं, आज जेवायला काय केलं होतं, मुलगी कितवीत, तिला गणित जमतं का. उत्तरं देता देता माणूस घाबरायचं विसरून जायचा. दार ओढायचं, छतावर चढायचं, असलं काही त्याला सुचायचंच नाही. तिचं 'लांबण' हे नाव यातूनच पडलं. एकदा तर एका आजोबांनी सुटका झाल्यावरही फोन ठेवला नव्हता.

मग थोरल्यांचे गुडघे गेले आणि धाकटा आला. दोन वर्षांचा कुठलासा कोर्स करून आलेला. लहानपणी हा गॅरेजमध्ये रांगायचा तेव्हा लांबणने दोनदा त्याच्या तोंडातून नट काढला होता. आता वाटायचं, एखादा राहूनच गेला असावा.

आल्या आल्या त्याने भिंतीवर मोठी तसबीर लावली. 'प्रत्येकजण वेगळा, म्हणूनच आपण एक.' तिच्या बरोबर खाली कामाच्या अदलाबदलीचा तक्ता. कोण कसा वेगळा आहे हे रंगीत कागदांनी ठरवून झालं होतं, आणि आता सगळ्यांनी सगळं करायचं होतं. पुढच्या आठवड्यात लांबण गोडाऊनला, मिस्त्री फोनवर.

"मिस्त्री फोनवर?" ती त्याच्या केबिनमध्ये उभी राहून म्हणाली. "तुला कळतंय का काय लिहिलंयस?"

"मावशी... सॉरी, मॅडम. सगळ्यांना सगळं यायला हवं. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"बावीस वर्षांत नाही पडले."

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

"मी आजारी पडत नाही हा?"

"एकाच माणसावर अवलंबून राहणं. आणि तुमचा एक कॉल सरासरी एकोणीस मिनिटं चालतो. आपलं टार्गेट तीन आहे."

"बरं. मग अडकलेल्या माणसालाही सांग, तीन मिनिटांत घाबरून घे म्हणून."

त्याने स्मित केलं. समजूतदार माणसाचं, कोर्समध्ये शिकवलेलं. तिने थोरल्यांना घरी फोन केला. "पोरगा शिकलाय, करू दे की चार दिवस," ते म्हणाले. तिने त्यांचीही मनातल्या मनात बोळवण केली.

शनिवारी ती मिस्त्रींना जिन्यात गाठून म्हणाली, "नाही म्हणून सांगा."

"न्... नको, ताई. सा... साहेब आहेत ते."

"तुम्हाला कणा म्हणून नाही, मिस्त्री," ती म्हणाली आणि निघून गेली.

सोमवार-मंगळवार साधे गेले. तक्रारी आल्या, मिस्त्रींनी त्या हुं हुं करत लिहून घेतल्या. बुधवारी दुपारी लांबण गोडाऊनमध्ये स्प्रिंगा मोजत बसली होती. गोडाऊन ऑफिसच्या बरोबर खाली होतं. वर फोन वाजला, उचलला गेला, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने खुर्ची सरकली. जड पावलं धाडधाड जिना उतरून रस्त्यावर गेली.

फोन पुन्हा वाजू लागला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला.

धाकटा केबिनचं दार लावून कोणाशी तरी मीटिंगमध्ये होता. वर जायला अकरा पायऱ्या होत्या. लांबण उठली नाही. 'वाजू दे,' ती मनात म्हणाली. 'ऐकू दे त्या शहाण्याला.' तिने स्प्रिंगांचा पुढचा डबा ओढला. फोन सात वेळा वाजला. तिने तोही मोजला होता.

झालं होतं ते असं. दातांच्या दवाखान्यातून निघालेली एक बाई तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती. वीज गेली होती. दाढ काढल्यामुळे तिचं तोंड बधिर होतं, त्यामुळे तिला शब्द फुटत नव्हता. इकडे मिस्त्रींनाही फुटत नव्हता. तिचे हुंकार पत्र्यात ज्या तऱ्हेने घुमत होते त्यावरून मिस्त्रींनी ती लिफ्ट ओळखली. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून जो स्विच असतो, तो त्या लिफ्टचा झिजला होता. तो बदलायचं काम याच आठवड्यात त्यांच्याकडे होतं. तिला थांबायला सांगणं त्यांना जमेना. त्यांनी फोन ठेवला आणि ते पळाले.

फोनवर कोणी उरलं नाही म्हटल्यावर बाई घाबरली. पुन्हा पुन्हा नंबर फिरवला, आणि मग दार ओढून वरच्या फटीतून बाहेर यायला लागली. मिस्त्री पोचले तेव्हा तिचं डोकं आणि एक हात बाहेर होता. वर जाऊन मेन बंद करायला वेळ नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी तिला आत ढकललं, आणि त्याच क्षणी वीज येऊन लिफ्ट हलली.

बाईला खरचटलंसुद्धा नाही. मिस्त्रींच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शुक्रवारी धाकट्याने लांबणला बोलावून अहवाल पुढे केला. फोन विभागातील कर्मचाऱ्याने विनापरवानगी जागा सोडली, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. "सहकारी म्हणून सही करा. आणि सोमवारपासून तुम्ही परत फोनवर. फक्त एक करा, तुम्ही कॉलवर नेमकं काय करता ते दहा मुद्द्यांत लिहून द्या. सगळ्यांना वाटू."

"फोन सात वेळा वाजला," लांबण म्हणाली. "मी खाली होते. मला ऐकू येत होता. ते लिही आधी."

"ते कशाला? तुमची ड्यूटी गोडाऊनला होती. तुमची काहीच चूक नाही."

तो मनापासून बोलत होता. त्याने तिला माफ करून टाकलं होतं. इतके दिवस ती ज्या माणसाला किड्यासारखं बघत होती, त्याने तिला सहज आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं, आणि तिथे बसायला तिला जागाही होती.

तिने पेन घेतलं, समासात ते सात फोन स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि त्याखाली सही केली.

"मिस्त्रींची काळजी करू नका," तो मागून म्हणाला. "आता दोर-बीर जमणार नाही त्यांना. आपण त्यांना कायमचं फोनवर बसवू. बसून काम."

ती थांबली. काहीतरी बोलावं म्हणून वळलीही. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी माया होती. ती बाहेर आली.

मिस्त्रींना घरी सोडणार होते त्या सकाळी ती दवाखान्यात गेली. त्यांची बायको खाली औषधं आणायला गेली होती. ते पलंगाच्या कडेला बसले होते, धुतलेला शर्ट अंगात घालून, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा मांडीवर.

तिने सगळं सांगितलं. सात फोन, अकरा पायऱ्या, तिला काय वाटलं होतं ते. धाकटा काय म्हणाला तेही सांगितलं. या वेळी तिला सांगायला फार वेळ लागला नाही.

मिस्त्री खिडकीकडे बघत होते. "'आ... आत व्हा'," ते शेवटी म्हणाले. "ए... एवढंच म्हणायचं होतं त्या बाईला. न्... नाही आलं."

"मिस्त्री..."

त्यांनी मान हलवली. मग डाव्या हाताने ते शर्टाची बटणं लावू लागले. लांबण पुढे झाली, तसा त्यांनी खांदा किंचित वळवला. ती पुन्हा स्टुलावर बसली.

वरचं बटण लागायला बराच वेळ गेला. दुसरं लागलं. तिसरं लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सुरुवातच एक काज चुकून झाली होती, कॉलर एका बाजूला चढली होती. त्यांनी तिन्ही बटणं एकेक करून काढली, शर्टाच्या कडा खाली ओढून सारख्या केल्या, आणि पुन्हा वरून सुरुवात केली.