ऑफिसातला डोंगर

मी रखमी, तलासरीकडच्या पाड्यावर भिंती सारवणारी बाई. कंपनीच्या साहेबाला ऑफिसात ठेवायला नव्या रेल्वेलाइनचा नमुना करायचा होता. खेळण्याएवढी गाडी, छोटे रूळ आणि शेजारी आमचा डोंगर. डोंगर माझ्याकडे आला.

साहेबाने थर्माकोल आणलेला. मी म्हटलं, "हे गणपतीच्या मखराला ठेवा. डोंगर असा फुंकरीने उडतो का?" मग प्लास्टर दिलं. ते मेलं हात फिरवायच्या आत दगड होतं. शेवटी माझंच सामान काढलं. कारवीच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पेजेत भिजवलेले पेपर, वरून डोंगराच्या पायथ्याची लाल माती, शेण आणि भाताचं तूस. पहिला थर तडकला. तूस वाढवलं, तेव्हा बसला. घळी केल्या, झरा केला, गुरांची वाटसुद्धा सोडली नाही. साहेब खूश. मलाही चेव चढला होता, खोटं कशाला बोलू.

फक्त माथ्यावरचा वाघदेव केला नाही. भगताने बसवला तिथेच तो असतो, आमच्यात त्याला खेळण्यात मांडत नाहीत.

परवा साहेब नमुना घेऊन पाड्यावर बैठकीला आला, तेव्हा कळलं. लाइनीच्या भरावासाठी हा डोंगरच कापणार. लडक्या भगत उठला, म्हणाला, "वर आमचा देव आहे. डोंगर देणार नाही."

साहेबाने नमुना पुढे ओढला. "यात दाखवा देव. तुमच्याच बाईने बनवलाय, गुरांची वाटही सोडली नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मी रीत सांगितली, दोनदा सांगितली. साहेब मान हलवत राहिला आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.

तेवढ्यात लडक्या ओली माती घेऊन आला. देव असा खेळण्यात मांडला म्हणून त्यानेच माझ्या सासऱ्याला वाळीत टाकलं होतं. खाली बघत म्हणाला, "कर, रखमी."

माथ्यावर अंगठ्याने केला. डोकं, पाठ, शेपूट.

साहेबाने पाहिलं. "बाई, फाइलीत नमुन्याचा फोटो मागच्याच महिन्यात लागलाय," तो म्हणाला आणि नमुना गाडीत ठेवायला सांगितला.

मी आडवी गेले. "साहेब, नेऊ नका. आता त्यात देव आहे."

साहेबाच्या दोन माणसांनी मला हळूच बाजूला केलं. डोंगर गाडीत चढला, मागचं दार नीट बसेना, म्हणून त्यांनी तो आडवा केला.